संगणक आज्ञावलीतील लायब्रऱ्यांचा मेळ

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील गाव कापसाच्या व्यापारासाठी जुन्या काळापासून परिचित आहे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयास पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव देण्यात आले आहे. महानुभाव वाङ्मयाच्या या थोर संशोधकाने संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. हस्तलिखित पोथ्यांच्या संपादकास कोणता पाठ कोणत्या पोथीतून स्वीकारला याची नोंद ठेवावी लागते. संगणकाची आज्ञावली बांधणाऱ्यावरही जवळजवळ हीच जबाबदारी येऊन पडते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

कोणतीही आज्ञावली आज संपूर्णपणे स्वहस्ते लिहिली जात नाही. पावती छापणे, माहिती साठविणे, तारखांचा हिशेब करणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग वापरण्यात येतात. त्यांस लायब्ररी असे म्हणतात. जावा भाषेत काम करणारे बहुधा मेव्हन हे बांधणीचे साधन वापरतात. लायब्ररी प्रसिद्ध करणारा गट, तिचे नाव आणि आवृत्ती या तीन गोष्टी 'पॉम' नावाच्या फाईलमध्ये लिहिल्या की मेव्हन ती लायब्ररी मध्यवर्ती भांडारातून आणते व तिची प्रत त्या संगणकावर जपून ठेवते. परंतु त्या लायब्ररीस स्वतःला आणखी काही लायब्रऱ्या लागतात. त्याही न मागता येतात. खरी अडचण या न मागता आलेल्या पाहुण्यांचीच असते.

समजा, बाजार समितीत कापसाची काटापट्टी छापण्यासाठी एक आज्ञावली तयार केली. तिला 'क' आणि 'ख' या दोन लायब्रऱ्या लागतात. 'क'ला 'ग' लागते व 'ग'ला 'घ'ची २.१ ही आवृत्ती लागते. 'ख'ला मात्र थेट 'घ'चीच १.४ ही आवृत्ती हवी आहे. दोहोंपैकी एकच ठेवता येते. अशा वेळी मेव्हन मुळापासून जवळची, म्हणजे १.४, निवडते. अंतर समान असल्यास आधी लिहिलेलीस मान मिळतो. नवी कोणती, जुनी कोणती, हा विचार येथे होत नाही. ग्रेडल हे दुसरे साधन मात्र एरवी सर्वांत वरची आवृत्ती घेते. १.४ मध्ये नसलेली एखादी क्रिया 'ग'ने मागितली, तर बांधणी निर्विघ्न पार पडते आणि आज्ञावली बंद पडते ती ऐन कामात, गाड्यांची रांग काट्यासमोर लागलेली असताना!

यावरील उपाय अवघड नाही. मेव्हनला अवलंबनाचा वृक्ष दाखविण्यास सांगितले असता कोणती लायब्ररी कोणाच्या मागून आली हे ओळीओळीने दिसते. त्यानंतर 'पॉम'मधील अवलंबन-व्यवस्थापनाच्या विभागात 'घ'ची आवृत्ती आपण स्वतः निश्चित करावी. ती 'ख'लाही चालते किंवा नाही, हे आज्ञावली प्रत्यक्ष चालवूनच पाहावे लागते; येथे अंदाज उपयोगाचा नाही.

प्रश्न केवळ बंद पडण्याचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघडकीस आला. विशिष्ट रचनेचा मजकूर नोंदीत शिरला की ती बाहेरच्या संगणकावरील आज्ञा आणून चालवू शके. आवृत्ती २.१४.१ पर्यंतच्या दुसऱ्या मालिकेत हा दोष होता. २.१५.० मधील दुरुस्ती अपुरी ठरली आणि पाठोपाठ आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या. जगभरातील असंख्य संस्थांपुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, तर आपल्या आज्ञावलीत ही लायब्ररी आहे काय, हा होता. कारण अनेक ठिकाणी ती दुसऱ्या लायब्ररीच्या मागून आलेली होती.

त्या प्रश्नाचे उत्तर यादीवाचून मिळत नाही. आज्ञावलीतील सर्व घटकांची आवृत्तीसह यादी कशी ठेवावी, याविषयी केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाच्या अहवालास अवलंबनाचा वृक्ष जोडण्यास प्रारंभ केला, तर अशी यादी त्यांच्या हाती आपोआपच तयार होईल.