रायफलीची निगा: सैनिकाचा नित्यपाठ

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक तरुण सैन्यभरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करतात. उंची, छाती, धाव यांचे महत्त्व त्यांना ठाऊक असते. परंतु पलटणीत हाती येणाऱ्या रायफलीची निगा राखणे हाही तितकाच कठोर अभ्यास आहे, याची कल्पना थोड्यांनाच असते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिक्षकांनी हा विषय अवश्य समजावून द्यावा.

गोळी झाडल्यावर नळीत काजळी साचते. जुन्या .३०३ रायफलीत काडतुसाच्या टोपीतील दारूचे क्षारही मागे राहत. ते हवेतील ओल शोषून घेत व नळी आतून गंजे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. म्हणून आधी नळीतून उकळते पाणी ओतावयाचे, ती कोरडी करावयाची आणि मगच तेलाची चिंधी ओढावयाची, असा क्रम असे. केवळ तेलाने चकाकणारी नळी फसवी ठरे. चिंधी ओढण्याची दोरी व तेलाची कुपी दस्त्याच्या पोकळीतच ठेवलेली असे, यावरून या कामाचे महत्त्व कळते.

१९६२ च्या युद्धानंतर आपल्या पायदळाला ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल मिळाली. १९७१ च्या युद्धात तीच वापरात होती. तिच्यात गोळीमागील वायूचा काही अंश दट्ट्याला मागे ढकलतो. वायूचा मार्ग काजळीने चोंदला, की रिकामे काडतूस बाहेर पडत नाही आणि शत्रू समोर असताना शस्त्र मुके होते.

तेल अधिक म्हणजे काळजी अधिक, असेही नाही. बैलगाडीच्या वंगणात धूळ मिसळली की आस झिजतो, हे आपला शेतकरी जाणतो. वाळवंटात तेलकट रायफलीचे तेच होते, तर हिमप्रदेशात दाट तेल गोठून चाप व खटका जड होतात.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूगोळा ठराविक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करण्याची आज्ञा आहे.

आघाडीवर सर्वांनी एकाच वेळी रायफली उघडावयाच्या नसतात. एकजण आपली रायफल उघडून साफ करतो, तेव्हा त्याचा जोडीदार भरलेली रायफल घेऊन पहारा देतो. पहिल्याची रायफल जोडून, तपासून झाली, की मग दुसऱ्याची पाळी.