जॉन बोट घेताना लांबीआधी तळाची रुंदी पाहा

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींना मासेमारीचा नाद लागला की एखाद-दोन वर्षं काठावरून गळ टाकण्यात जातात आणि मग बोटीचा विषय निघतो. नव्या माणसाच्या खिशाला झेपणारी, साध्या गाडीमागे जाणारी आणि इंजिन सोडून फारशी देखभाल न मागणारी बोट म्हणजे ॲल्युमिनियमची जॉन बोट. तळ सपाट, पुढचं तोंड बहुधा चौकोनी आणि आत दोन-तीन आडवी बाकं. चार-सहा इंच पाण्यातही ती तरंगते. खालचे दर आणि नियम टेक्सासचे आहेत. दुसऱ्या राज्यात कर आणि नोंदणी बदलेल, बोट निवडण्याचा हिशेब बदलणार नाही.

दुकानात गेलात की बोटीवर १२३६, १४३६, १४४८, १६४८ असे आकडे दिसतील. पहिले दोन अंक फुटांतली लांबी, पुढचे दोन इंचांतली तळाची रुंदी. बहुतेक ग्राहक पहिल्या दोन अंकांवरच भाव करत बसतात आणि तिथेच चुकतात. बोट तुमच्या पायाखाली किती डुलेल, मुलगा उठून उभा राहिला तर बाकीच्यांना कडा धरावी लागेल का, हे मुख्यतः पुढचे दोन अंक ठरवतात. ३६ इंची तळाच्या बोटीत दोन मोठी माणसं एकाच बाजूला वाकून मासा वर घेऊ लागली की कड पाण्याकडे झुकते. ४८ इंची तळावर हीच हालचाल निवांत होते. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: १६ फुटी अरुंद बोट आणि १४ फुटी रुंद बोट साधारण एकाच किमतीत मिळत असेल, तर १४४८ घ्या. पोहता न येणारं कुणी घरात असेल तर याबाबत तडजोड करू नका.

रुंदीनंतर बाजूच्या पत्र्याची उंची पाहा. तळापासून कडेपर्यंत १७-१८ इंच आणि २१-२२ इंच हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. शेजारून मोठी स्पीडबोट लाट उठवून गेली की पाणी आत येतं की बाहेर राहतं, ते याच तीन-चार इंचांवर ठरतं.

पाणी कोणतं?

कॅडो लेकसारख्या सायप्रस झाडांच्या उथळ दलदलीत, किंवा वसंतात व्हाइट बास नदीतून वर चढतात तेव्हा वाळूच्या दांड्यांवरून जायला पूर्ण सपाट, चौकोनी तोंडाची बोट उत्तम. तीच बोट लुइसव्हिल किंवा रे हबर्डसारख्या उघड्या तलावावर दक्षिणेचा वारा सुटलेल्या दिवशी नेली, तर प्रत्येक लाटेवर तळ आपटतो, कंबर दुखते आणि समोर बसलेले सगळे भिजतात. अशा पाण्यासाठी पुढे किंचित व्ही आकार दिलेली, मागे सपाट राहणारी बोट घ्यावी. ती थोडं जास्त पाणी मागते, पण लाट कापत जाते. ऑस्टिनच्या लेडी बर्ड लेकवर पेट्रोल इंजिनांना मुळात बंदीच आहे. तिथेच फिरायचं असेल तर १० किंवा १२ फुटी हलकी बोट आणि बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर एवढ्यावर काम भागतं, आणि हजारो डॉलर वाचतात. गॅल्व्हेस्टनच्या मोकळ्या खाडीत मात्र १४ फुटी जॉन बोट घेऊन जाऊ नये. वारा फिरला तर परतणं अवघड होतं.

मागच्या पाटीवरचा हिशेब

२० फुटांहून लहान मोटरबोटीवर एक पट्टी ठोकलेली असते. त्यावर किती माणसं, एकूण किती पौंड वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचं इंजिन, हे लिहिलेलं असतं. विक्रेता 'तीन माणसांची बोट' म्हणतो तेव्हा या पट्टीतली एकूण वजनाची ओळ वाचा, आणि घरी कागदावर बेरीज करा.

समजा, एका १४३६ वर माणसं, इंजिन आणि सामान मिळून ६४० पौंडांची मर्यादा आहे. १७० पौंडांची दोन माणसं म्हणजे ३४०. पंधरा अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे १००. शिशाच्या प्लेटांची डीप-सायकल बॅटरी ६०. तीन गॅलन पेट्रोल टाकीसह २५. ट्रोलिंग मोटर २५. नांगर, दोर, बर्फाची पेटी, गळ, जॅकेटं मिळून ६०. बेरीज ६१० झाली. तिसरं माणूस बसायला तीस पौंड उरले. पट्टीवर तीन माणसं लिहिलेली असली तरी ही बोट खरं तर दोघांची. दोन मोठी माणसं आणि एक-दोन मुलं असं कुटुंब असेल तर मोजणी १४४८ पासून सुरू करा.

जुन्या बोटीची पट्टी गायब असेल तर कोस्ट गार्डचा ढोबळ नियम आहे: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा, त्याला १५ ने भागा. येईल तितकी माणसं, तीही शांत पाण्यात.

इंजिनाबाबत दोन गोष्टी. पट्टीवरच्या आकड्याच्या वर जाऊ नये. फार खालीही जाऊ नये, नाहीतर भरलेली बोट पाण्यावर उचललीच जात नाही आणि नुसती नांगरत राहते. शिवाय १५ इंची शाफ्ट १५ इंची ट्रान्समला (म्हणजे इंजिन टांगायच्या मागच्या पाटीला) आणि २० इंची २० ला, ही जोडी जुळलीच पाहिजे. स्वस्तात मिळालेलं इंजिन न जुळणाऱ्या शाफ्टचं निघालं तर ती बचत नव्हे.

आतली मांडणी

जॉन बोटीत पैसा वाया जातो तो बहुधा इथे. तीन बाकांची साधी बोट बघून प्रत्येकाच्या मनात मधलं बाक कापून मोकळी जागा करायचं येतं. ते करू नका. पातळ पत्र्याच्या रिव्हेट मारलेल्या बोटीत ही बाकं दोन्ही बाजू ताणून धरतात. त्यांच्या पोटात फोम असतो आणि बोट पाण्याने भरली तरी ती याच फोममुळे तरंगत राहते. मोकळी जागा हवी असेल तर मुळातच वेल्ड केलेली, आडव्या पट्ट्यांचा सांगाडा असलेली, सपाट फरशीची बोट घ्या. ती महाग आणि जड असते, पण पत्रा जाड असतो. साध्या रिव्हेट बोटींत तो इंचाच्या पाच शतांशांच्या आसपास असतो, तर चांगल्या वेल्ड बोटींत आठ ते दहा शतांश. खडकाळ किंवा बुंध्यांच्या पाण्यात हा फरक जाणवतो.

पुढे उभं राहून गळ फेकायला उंच डेक सुंदर वाटतो. ३६ इंची तळावर मात्र तो धोक्याचा आहे, कारण उभ्या माणसाचं वजन आणखी वर जातं. ४८ वर करा, पण डेक बाकाच्या उंचीच्या वर नेऊ नका. लाकूड वापरणार असाल तर अंगणातल्या कुंपणासाठी मिळणारं, तांब्याचं रसायन मुरवलेलं प्लायवुड टाळा. ओल लागली की त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खात जातं. मरीन प्लायवुड किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. पाऊण इंची प्लायवुडची एक अख्खी शीट सत्तर पौंडांच्या आसपास भरते, तीही वरच्या बेरजेत धरा.

सामान कुठे ठेवता हेही मांडणीतच येतं. इंजिन मागे, चालवणारा मागे, टाकी मागे आणि बॅटरीही मागे अशी भरताड केली की पुढचं तोंड आकाशाकडे जातं आणि समोरचं दिसत नाही. बॅटरी आणि टाकी पुढे किंवा मध्ये सरकवा. पैसे असतील तर लिथियम बॅटरी घ्या, तीस पौंड तरी कमी होतात.

हँडल की स्टिअरिंग? १४ फुटीत माझं मत इंजिनाच्या हँडलच्या बाजूने, म्हणजे टिलरच्या. कन्सोल बसवला की हजार-दोन हजार डॉलर जातात आणि मधली सगळ्यात उपयोगी जागाही जाते. १६ फुटी रुंद बोटीत गोष्ट वेगळी. इंजिनापासून दूर बसून स्टिअरिंगने चालवायची सोय आणि किमान २० इंची ट्रान्सम असेल तर कोस्ट गार्डच्या सूत्रात जास्त अश्वशक्तीला परवानगी मिळते. त्यामुळे एकाच सांगाड्याच्या टिलर आणि कन्सोल बोटींच्या पट्ट्यांवर वेगळे आकडे दिसू शकतात. फरशीचा रंग फिका निवडा. टेक्सासच्या जुलैत गडद रंगाच्या पत्र्यावर मुलांचे पाय भाजतात.

एकूण किती?

नवी रिव्हेटची १४३६ नुसती बोट साधारण १,५०० ते २,५०० डॉलर, वेल्डची १४४८ तीन ते साडेचार हजार, १६४८ चार ते सहा हजार. नवं ९.९ अश्वशक्तीचं इंजिन तीन ते पावणेचार हजारांत येतं, २० ते २५ चं चार ते साडेपाच. ट्रेलर हजार ते अठराशे. ट्रोलिंग मोटर आणि बॅटरी मिळून चारशे-पाचशे. प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट, नांगर, दिवे, दोर यांना तीनशे धरा. गाडीला हिच आणि वायरिंग नसेल तर आणखी चारशेच्या पुढे. टेक्सासचा ६.२५ टक्के विक्रीकर वेगळा. थोडक्यात, १४३६ आणि ९.९ चा नवा संसार आठ हजारांच्या आसपास जातो, १४४८ आणि २० चा अकरा-बारा हजारांच्या. बोटीचा पत्रा या बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत असतो. तेव्हा पत्र्यात पाचशे वाचवून अरुंद बोट घेणं मला कधीच पटलेलं नाही.

१६ फूट ही रेघ लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये १६ फुटांखालच्या बोटीची दोन वर्षांची नोंदणी ३२ डॉलर, त्यावर २६ फुटांखाली ५३. नुसती ट्रोलिंग मोटर लावली तरी नोंदणी लागते. १६ फूट आणि वर असेल तर फेकायचं तरंगतं साधनही बोटीत ठेवावंच लागतं. बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलेलंच हवं. आणि १ सप्टेंबर १९९३ ला किंवा नंतर जन्मलेल्या माणसाला १५ हून जास्त अश्वशक्तीची बोट चालवायला बोटिंगचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र लागतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाने चालवावी असं वाटत असेल तर त्याला आधी कोर्सला बसवा.

गॅरेज मोजायला विसरू नका. आपली बरीच मंडळी राहतात त्या वसाहतींत एचओए (घरमालकांची संघटना) ड्राइव्हवेवर बोट उभी करू देत नाही. नेहमीचं गॅरेज २० फूट खोल असतं. १४ फुटी बोट ट्रेलरसकट सतराच्या आसपास होते आणि बसते. १६ फुटीला दुमडणारा ट्रेलर लागतो, नाहीतर महिन्याचं भाडं भरून बाहेर ठेवावी लागते.

जुनी घेतलीत तर निम्म्या पैशांत काम होतं. लो, ट्रॅकर, जी३ या तिन्ही कंपन्यांचे कारखाने मिझुरीतल्या लेबननमध्ये आहेत आणि दक्षिणेत त्यांच्या वापरलेल्या बोटी मुबलक फिरतात. ट्रेलरवर असतानाच आत दोन-तीन इंच पाणी भरून खालून थेंब कुठे पडतात ते पाहा. एखाद-दुसरं रिव्हेट ठिबकलं तर चालतं, ते दुरुस्त होतं. ट्रान्समचं लाकूड मात्र स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज मऊ आला, किंवा इंजिन हलवल्यावर पाटी वाकली, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून घ्या किंवा सोडून द्या. मागे उजव्या बाजूचा बारा अक्षरांचा हल क्रमांक टायटलवरच्या क्रमांकाशी जुळवा. टेक्सासमध्ये आउटबोर्ड इंजिनाचं टायटल बोटीपासून वेगळं असतं. ते विक्रेत्याच्या नावावर नसेल तर पैसे देऊ नका.