‘मले नाही जमणार’ असे वाटू लागले तर

दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी इंग्रजी पुस्तकांवर कशीबशी निभावलेली, आणि आता पदवीला सेमिनार, व्हायवा, सादरीकरण. सकाळच्या एसटीने खामगावात उतरणाऱ्या किंवा पुढे शेगावला अभियांत्रिकीसाठी जाणाऱ्या अनेकांच्या मनात ‘आपण इथे चुकून आलो’ हा विचार पहिल्या सत्रातच घर करतो. तो आपल्या मनात असेल, तर पुढील गोष्टी याच क्रमाने करा. मात्र जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर क्रम सोडा आणि आत्ताच १४४१६ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन लावा. मदत मिळेपर्यंत एकटे राहू नका. खोलीतल्या मित्राला किंवा मैत्रिणीला सांगून जवळ बसवा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

१. शंका कागदावर उतरवा. ‘मी हुशार नाही’ एवढेच लिहून थांबू नका. ‘थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला दहा मिनिटांनंतर काही कळत नाही’ असे नेमके लिहा, म्हणजे पुढे काय करायचे ते सुचते. शेजारी दोन रकाने आखा: प्रत्यक्ष काय घडले आणि त्यावरून मला काय वाटले. पात्रता असूनही स्वतःला तोतया समजण्याच्या या अनुभवावर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच लिहिले होते. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया आपापल्या क्षेत्रात यशस्वी होत्या, तरीही त्यांना तसे वाटत होते.

२. भाषेची अडचण आणि विषयाची अडचण वेगळी करा. माझ्या मते आपल्या भागात सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. एक सोपी चाचणी घ्या. कालचा धडा वही बंद करून मित्राला आपल्या वऱ्हाडीत समजावून सांगा. सांगता आला, तर विषय आपल्याला कळलेला आहे. कमी पडतात ते इंग्रजी शब्द. रोज दहा संज्ञा मराठी अर्थासह वहीत लिहा आणि व्हायवाची पाच उत्तरे मोठ्याने म्हणून पाहा. सांगता आला नाही, तर ज्या ओळीवर अडलात ती खूण करून त्याच आठवड्यात प्राध्यापकांकडे जा. ‘सर, काहीच समजत नाही’ म्हटले की मदत करणाऱ्यालाही सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. खूण केलेले पान दाखवले की पाच मिनिटांत काम होते. आपल्या बोलीला कोणी हसले असेल, तर ते मनाला लागते, हे खरेच. पण त्या हसण्यावरून आपल्या बुद्धीचे मोजमाप करू नका.

३. विषय राहिला असेल तर स्वतःबद्दल निष्कर्ष काढण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पाहा. अर्जाची मुदत आणि शुल्क महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारा.

४. दोन आठवड्यांची खूण लक्षात ठेवा. झोप बिघडणे, जेवणावरची वासना उडणे, कशातच रस न वाटणे, तास चुकवून खोलीवर पडून राहणे हे बहुतेक दिवस आणि सलग दोन आठवडे चालले, तर अभ्यासाचे उपाय पुरे पडत नाहीत. इथून पुढे प्रशिक्षित व्यक्तीची मदत घ्यायची.

५. पहिला फोन १४४१६ ला करा. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. आधी समुपदेशक बोलतात. गरज वाटल्यास पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. खामगावसारख्या गावात ‘दवाखान्यात कोणी ओळखीचे भेटले तर?’ ही भीती मोठी असते, म्हणून फोनपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. काय बोलावे सुचत नसेल, तर पहिल्या मुद्द्यातला कागद वाचून दाखवा.

६. महाविद्यालयात समुपदेशक कोण आहेत, ते विचारा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. त्यामुळे हा प्रश्न विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. कार्यालयात जाणे अवघड वाटले तर आपल्या मेंटॉर प्राध्यापकांमार्फत विचारा.

७. रुग्णालयात जायचे ठरले तर कोणाकडे जायचे ते आधी ठरवा. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ संवादातून मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. खामगावच्या सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा कोणत्या वारी मिळते, याची चौकशी करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सुमारे पन्नास किलोमीटरवर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपली माहिती गोपनीय ठेवली जाते. कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडता ती महाविद्यालयाला कळवता येत नाही.

८. घरी सांगताना एकाच व्यक्तीपासून सुरुवात करा. ती मावशी असेल, दादा असेल. ‘झोप लागत नाही, डॉक्टरांना दाखवायचे आहे, सोबत याल का?’ एवढे सांगितले तरी चालते.

९. पहिल्या भेटीत सगळे सांगून होत नाही, आणि औषध सुरू झाले तर त्याचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागू शकतात. ते मनाने बंद करू नका. निघताना पुढच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि त्या दिवशी प्रात्यक्षिक असेल, तर तिथेच दुसरी तारीख मागून घ्या.