बंदरात शिरणारी लहान नौका
(इयत्ता चौथी व पाचवीच्या भूगोल-पाठाची पूर्वतयारी)

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बहुसंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. वैनगंगेच्या वा प्राणहितेच्या काठच्या मुलास डोंगा ठाऊक असतो. परंतु ‘मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे’ हे वाक्य तो केवळ पाठ करतो. त्या वाक्यात प्राण यावयाचा, तर एखादी नौका प्रत्यक्ष बंदरात शिरताना वर्गापुढे उभी केली पाहिजे.

याकरिता कमांडर दिलीप दोंदे यांची सफर घ्यावी. भारतीय नौदलाचे हे अधिकारी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केप टाउन या चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. गोव्यात बांधलेल्या या नौकेची लांबी ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. पुढे तो उपयोगी पडतो.

या प्रवासात कठीण काय, असे विचारताच मुले वादळाचे नाव घेतील, आणि ते चूक नाही. तथापि भर समुद्रात चहूकडे मोकळे पाणी असते. एकटा खलाशी तेथे थोडी थोडी झोप घेऊ शकतो. किनारा जवळ आला की ती सोय संपते. मासेमारीची जाळी, नांगरून पडलेली जहाजे, खडक, उथळ पाणी, भरती-ओहोटीची ओढ हे सारे एकदम पुढे येते, आणि तेही शरीर थकलेले असताना. स्वागताचे हारतुरे वर्णन करताना शिक्षक हा भाग बहुधा गाळतात!

येथे एक नियम मुलांना नवल वाटेल असा आहे. खुल्या समुद्रात सामान्यतः यंत्राच्या जहाजाने शिडाच्या नौकेस वाट द्यावयाची असते. अरुंद जलमार्गात मात्र, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे, शिडाच्या आणि २० मीटरांहून लहान अशा नौकांनी त्या मार्गातूनच जाणे भाग असलेल्या जहाजास अडथळा करावयाचा नसतो. म्हादेई दोन्ही कारणांनी या नियमात बसते. मुंबईसमोरील न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथे येणारी काही मालवाहू जहाजे ३०० मीटरांहूनही लांब असतात. गाळ उपसून खोल केलेल्या पट्ट्याबाहेर असे जहाज गेले तर रुतते, आणि यंत्र थांबविले तरी दूरवर पुढे जातच राहते. अरुंद पुलावर लाकडांनी भरलेला ट्रक येत असता सायकलस्वार अलीकडेच थांबतो, तो भीतीने नव्हे. ट्रकला बाजूस होता येत नाही, हे त्यास कळते म्हणून.

हा पाठ मैदानात घ्यावा. चुन्याने दोन रेघा मारून जलमार्ग आखावा. आत येणाऱ्याच्या डाव्या हातास गेरूने रंगविलेली मडकी व उजव्या हातास सागाच्या हिरव्या पानांनी झाकलेली मडकी ठेवावीत. भारतात बोयांचे लाल व हिरवे रंग याच क्रमाने असतात. (अमेरिका खंडात व जपानात हा क्रम उलट आहे.) वीस मुलांनी एकामागे एक खांदे धरून जहाज व्हावे, ‘थांबा’ म्हटल्यावरही त्यांनी दहा पावले चालावे. एका मुलाने म्हादेई व्हावे. वारा समोरून आहे असे सांगितल्यास त्याने सरळ न जाता नागमोडी चालावे, कारण शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडाकडे जाऊ शकत नाही. दोघांची गाठ पडली म्हणजे काय करावे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पहिल्या खेपेस टक्कर झाली तर बिघडत नाही.

परदेशी बंदरात पोहोचलेली नौका पिवळा झेंडा लावते. ‘नौकेवर आरोग्य ठीक आहे, प्रवेशाची परवानगी द्यावी’ असा त्याचा अर्थ. परवानगी मिळेपर्यंत, जमीन हातभर अंतरावर असली तरी, खलाशी नौकेवरच थांबतो.