वाय-फाय हॉलमध्ये आहे, बेडरूममध्ये नाही

बदलापूर पूर्व, कात्रप. काका अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची साथ सोडली आणि विंडोज ११ न झेपणारे धडधाकट लॅपटॉप लोक विकायला लागले. त्यातलाच एक काकांनी उल्हासनगरला कॅम्प तीनमधून आणला आणि त्यावर लिनक्स मिंट टाकून घेतलं. पुतणी मनू अंबरनाथला राहते, ठाण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. रविवारची दुपार, जेवणं झालेली.

काका: हे बघ, इथे हॉलमध्ये चालतं. आत बेडरूममध्ये नेलं की गेलं. समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा म्हणतो, लिनक्स काढा, विंडोज टाका.

मनू: मोबाइलला आत वाय-फायची रेंज येते?

काका: मोबाइल बाथरूममध्येसुद्धा चालतो.

मनू: मग राउटर सुटला, भिंतही सुटली. लॅपटॉपच उरला.

काका: इतक्यात? तू तर अजून त्याला हातही लावला नाहीस.

मनू: हात लावायच्या आधीच निम्मं कळतं. वाय-फायचे प्रश्न एका क्रमाने विचारायचे. कार्ड मशीनला दिसतंय का? त्याला ड्रायव्हर आणि फर्मवेअर मिळालंय का? कोणी ते बंद करून ठेवलंय का? सिग्नल पोचतोय का? राउटरने पत्ता दिला का? आणि शेवटी, साइटच्या नावावरून तिचा नंबर सापडतोय का? आता तुम्हीच सांगा, यातलं काय काय आपण आत्ताच बाद करू शकतो?

काका: हॉलमध्ये चालतंय म्हणजे कार्ड आहे. ड्रायव्हर आहे. बंद केलेलं नाही. पत्ता मिळतोय, साइट उघडतायत. म्हणजे राहिला सिग्नल.

मनू: झालं की. विंडोज टाकायचा सल्ला देणाऱ्याने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

काका: तो बिचारा बारावीला आहे गं. पण मला एक सांग, यातलं एखादं खरंच बिघडलेलं असतं तर कळलं कसं असतं?

मनू: टर्मिनल उघडा. एलएसपीसीआय लिहा, स्पेस, आडवी रेघ, एन-एन-के. ही लांबलचक यादी म्हणजे आत बसवलेल्या भागांची हजेरी. ‘नेटवर्क कंट्रोलर’ शोधा.

काका: रिअलटेक, आरटीएल ८७२३ बीई. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’, आरटीएल ८७२३ बीई.

मनू: ती खालची ओळ महत्त्वाची. कार्ड यादीत आहे पण ती ओळ नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, तर डीमेसेज या कमांडच्या नोंदीत ‘फेल्ड टु लोड’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. आणि आरएफकिल लिस्ट म्हटलं की कार्ड कोणी बंद केलंय का ते कळतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर कमांडने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर कितीही कमांड द्या, काही होत नाही. लॅपटॉपच्या कडेचा स्विच नाहीतर कीबोर्डवरचं विमानाचं बटण बघायचं.

काका: बरं. आता सिग्नल.

मनू: सिग्नलच्या कांड्या बघू नका, कांड्या प्रत्येक जण आपल्या मनाने काढतो. आकडा बघायचा. फोन आणि लॅपटॉप दोघांनाही एकच माप कोणतं? डीबीएम. हा आकडा उणे असतो. उणे ४० म्हणजे राउटरच्या मांडीवर बसल्यासारखं, उणे ८५ म्हणजे कसाबसा. आणि दहाने खाली गेलं की ताकद दहापटीने घटते.

काका: म्हणजे उणे ४० वरून उणे ७० वर आलं तर हजारपट?

मनू: हजारपट.

(काकांनी चष्मा वर केला. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला मायक्रॉनच्या बाबतीत कोणी फसवू शकत नाही. हजारपट हा शब्द त्यांनी दोनदा मनातल्या मनात घोळवला असावा.)

मनू: आता लॅपटॉप आणि माझा फोन दोन्ही राउटरपासून हातभर अंतरावर, शेजारी शेजारी ठेवा. फोनमध्ये वाय-फाय ॲनालायझरचं ॲप आहे. फोन काय म्हणतो?

काका: उणे ३९.

मनू: लॅपटॉपवर लिहा: आय-डब्ल्यू, डेव्ह, डब्ल्यूएलओ१, लिंक. हे डब्ल्यूएलओ१ म्हणजे तुमच्या कार्डाचं नाव, दुसऱ्या मशीनवर वेगळं असेल. ‘सिग्नल’ची ओळ?

काका: उणे ७१! अगं, राउटर इथे समोर आहे.

मनू: मध्ये भिंत नाही, कपाट नाही, काही नाही. एवढा फरक ड्रायव्हरच्या जुनेपणाने पडत नाही. कार्डाला अँटेनाच नसल्यासारखं ते चाललंय.

काका: वायर तुटली असेल.

मनू: असूही शकते. पण या चिपची एक जुनी, नोंदलेली गोष्ट आहे, ती आधी तपासू. या कार्डावर अँटेनाच्या वायरसाठी दोन जागा असतात. काही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पैसे वाचवायला एकच वायर जोडली. तेवढ्याने बिघडलं नसतं. पण कोणती जागा वापरायची ते कार्डाच्या छोट्या मेमरीत लिहून ठेवायचं असतं, आणि तिथे रिकाम्या जागेचा नंबर लिहिला गेला. ड्रायव्हर त्या नोंदीवर विश्वास ठेवतो आणि रिकाम्या जागेतून ऐकत बसतो.

काका: ड्रॉइंग एक, जॉब दुसरा.

मनू: तसंच. म्हणून ड्रायव्हरला वरून सांगायची सोय केलेली आहे: मेमरीतलं सोड, मी सांगतो ती जागा वापर. ही सोय लॅरी फिंगर नावाच्या माणसाने घातली. अमेरिकेतला. २००५ पासून तो लिनक्सच्या वाय-फाय ड्रायव्हरांवर काम करत होता. आधी ब्रॉडकॉमच्या कार्डांवर, तेव्हा कंपनी माहितीच देत नव्हती, लोकांनी चिप चाचपून चाचपून ड्रायव्हर लिहिला, मग रिअलटेकच्या. २०२४ च्या जूनमध्ये गेला, ८४ वर्षांचा होता.

काका: थांब. म्हणजे सुरुवात केली तेव्हा पासष्टीत?

मनू: हो.

काका: (स्वयंपाकघराकडे बघून) ऐकलंस का गं? आणि मी क्लास लावतो म्हटलं तर हसत होतीस.

मनू: आता मी सांगते तसं लिहा. सुडो मॉडप्रोब, आडवी रेघ, आर, मग ड्रायव्हरचं नाव. याने ड्रायव्हर उतरवला. वाय-फाय गेलं, घाबरू नका. आता परत चढवायचा: सुडो मॉडप्रोब, ड्रायव्हरचं नाव, स्पेस, ए-एन-टी, अंडरस्कोअर, एस-ई-एल, बरोबरचं चिन्ह, १.

काका: आलं परत. आकडा... उणे ७३. वाईटच झालं.

मनू: वाईट नाही, तेवढंच आहे. म्हणजे ही रिकामी जागा. परत उतरवा, आणि आता २.

काका: उणे ४२!

(ते उठले, लॅपटॉप उघडाच हातावर धरून बेडरूममध्ये गेले आणि आतून ओरडले: उणे ६१. मग बाल्कनीतूनही एक आकडा आला, तो रिक्षाच्या हॉर्नमध्ये ऐकू आला नाही.)

मनू: लॅपटॉप बंद करून चालू केला की तो हे विसरेल. कायमचं करायला ईटीसी फोल्डरमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये एक फाइल ठेवायची, एका ओळीची: ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव, आणि तेच ए-एन-टी-एस-ई-एलचं. मी टाकते. कर्नल अपडेट झालं तरी ही फाइल हलत नाही.

काका: आणि मी खालचे स्क्रू काढून वायरच दुसऱ्या जागेत लावली असती तर?

मनू: तेही चाललं असतं. पण तो कनेक्टर मुगाच्या दाण्याएवढा असतो, आणि तो साधारण तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. एका ओळीत काम होतंय तर कशाला?

काका: पटलं. आता दुसरी तक्रार. तुझ्या फोनला आमच्या घरची दोन नावं दिसतात, एकापुढे ‘५जी’ आहे. लॅपटॉपला ते दुसरं दिसतच नाही. तेही असंच काहीतरी सांगून येईल का?

मनू: नाही. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. पाच गिगाहर्ट्झ त्याला ऐकूच येत नाही. आणि राउटरवरच्या त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, नाव देणाऱ्यांनी घोळ करून ठेवलाय. पाच हवं असेल तर यूएसबीचं छोटं ॲडॉप्टर घ्यावं लागेल. घेताना मात्र डब्यावरचं नाव बघू नका, आतली चिप कोणती ते विचारा. एकाच मॉडेलच्या डब्यात कंपन्या मधेच चिप बदलतात. कर्नलमध्ये आधीपासून ड्रायव्हर असलेली चिप घ्या. सीडी लावा म्हणणारं घेऊच नका.

काका: मग २.४ ची एवढी गर्दी का? फोनमध्ये बघितलं तर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं.

मनू: भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वाय-फाय, ब्लूटूथ, सगळे तिथेच. पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला, म्हणून तिथे जरा श्वास घेता येतो. आपल्याकडे बिल्डिंगला बिल्डिंग लागून, प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तुमचा राउटर कुठे बसलाय ते ॲपमध्ये दिसतं. त्यातलं कमी गर्दीचं निवडा. रात्री काकू ब्लूटूथवर मालिका ऐकतात आणि तुमचा व्हिडिओ अडकतो, त्याचंही कारण हेच, एकच पट्टा दोघांत वाटलेला.

काका: तिला सांगू नको. पण आणखी एक गंमत. मागच्या आठवड्यात लाइट जाऊन आली, तेव्हा दिवसभर लॅपटॉपला आमचं नावच दिसेना. फोनला दिसत होतं. संध्याकाळी परत लाइट गेली, आली, आणि दिसायला लागलं.

मनू: हे वेगळं. राउटर चालू होताना आपणहून चॅनेल निवडतो. आपल्याकडे १ ते १३ चालतात. अमेरिकेत ११ पर्यंतच. बघू या, लिहा: आय-डब्ल्यू, रेग, गेट. काय दिसतं?

काका: कंट्री यूएस.

मनू: हे बघा. लॅपटॉपला वाटतंय आपण अमेरिकेत आहोत. राउटर १२ किंवा १३ वर गेला की तो तिकडे बघतच नाही.

काका: उल्हासनगरचा माल आहे बाई. तिथे वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असलं की लोक म्हणायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्याने बिचाऱ्याने खरंच मनावर घेतलं.

मनू: सुडो आय-डब्ल्यू रेग सेट, आय-एन. आता भारतात आला. काही कार्डांत देश आतच कोरलेला असतो, ती ऐकत नाहीत. म्हणून खात्रीचा उपाय राउटरच्या बाजूने: चॅनेल ऑटोवर ठेवू नका, १, ६ नाहीतर ११ ठरवून द्या. दोन्ही कामं एकदम होतील.

काका: आता माझ्या मित्राचं. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहतो. त्यानेही मिंट टाकलं, पण त्याच्याकडे वाय-फायचं चिन्हच नाही. त्याला पण हा अँटेनाचा २ नंबर सांगू?

मनू: अजिबात नको. तुमचा प्रश्न चौथ्या पायरीवर होता, त्यांचा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे. त्यांना आधी एलएसपीसीआय करायला सांगा. ब्रॉडकॉम दिसलं तर मिंटच्या मेनूत ड्रायव्हर मॅनेजर आहे, त्यात तो येतो. त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते पूर्ण बंद न होता झोपतं आणि कधी कधी कार्ड धरून ठेवतं.

काका: पण ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट हवं. इंटरनेटला ड्रायव्हर हवा.

मनू: फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, वाय-फायचा ड्रायव्हर लागत नाही. ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल. कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, त्यात ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. बहुतेक जण घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मग ड्रायव्हर बसलेला असतो पण चालत नाही, आणि दोष लिनक्सला.

काका: थांब, लिहून घेतो. टेदरिंग... एनरोल... तो मला आजच फोन करणार आहे. त्याच्याकडे केबल आहे, काल दाखवत होता, दुकानातून साठ रुपयांना आणली.

मनू: साठची? मग आधी त्या केबलने फोन जोडून लॅपटॉपवर फोटो दिसतात का ते बघायला सांगा. पुष्कळ स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच.