पडद्यावरून अंगणात

राणीसावरगावात राहून मुलांसाठी मराठीत विज्ञानाचं संकेतस्थळ चालवताना जे उमगलं, ते मांडते. गाव गंगाखेड तालुक्यातलं; ज्वारी, कापूस, सोयाबीनचं. तारांगण बघायचं तर लांबचा प्रवास. मोबाइल मात्र घरोघरी पोचलाय.

१. पान वाचता वाचता मूल उठलं पाहिजे. मोबाइल खाली ठेवून ते दोरा, बाटली, झाकण शोधायला गेलं, तर पान जमलं. ही दृष्टी मला अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळानं दिली. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून मुलं घन आणि मनोरे उभारू लागली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी व सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या. मराठीतही आहेत, आणि सगळ्या मोफत. मुलांसाठी काही करू पाहणाऱ्यानं त्या आधी बघाव्यात.

२. साहित्य गावातलंच हवं. ‘स्ट्रॉ घ्या’ म्हटलं की मूल दुकानाकडे बघतं. ‘ज्वारीचं धाट घ्या’ म्हटलं की ते कडब्याच्या गंजीकडे धावतं. धाटाचं भेंड आणि सालीच्या काड्या यांच्या बैलगाड्या इथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्याच सामानात चौकोन करून बघा: तो डुलतो. त्रिकोण डुलत नाही. मग मोबाइलच्या टॉवरकडे आणि पत्र्याच्या शेडखालच्या कैचीकडे बघायला सांगायचं, बास.

३. आपल्या गावाचं पान आपणच लिहायचं, ते दुसरं कुणी लिहिणार नाही. माझं सगळ्यांत आवडतं पान शून्य सावलीचं आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही. आमच्याकडे हा योग १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत आभाळ भरलेलं असतं आणि मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून वर्गात हा प्रयोग होतच नाही. इथे मोबाइल खरा उपयोगी पडतो. पानावर इतकंच: सपाट जागी एक नळकांडं उभं करा, बारापासून दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपा, सूर्याकडे बघू नका. बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पश्चिमेकडची सावली आक्रसते आणि बघता बघता पूर्वेला निघते.

त्याच आठवड्यात पुण्याला कामाला गेलेल्या काकांनाही हेच करायला सांगा. त्यांची सावली साधारण बारा मिनिटं उशिरा सर्वांत आखूड होईल, कारण पुणे आपल्यापासून सुमारे तीन अंश पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. एका फोनवर पृथ्वीचं फिरणं मोजता येतं. पाठ्यपुस्तकातलं रेखांशाचं गणित मुलांना कोरडं वाटतं, पण काकांच्या सावलीची ते आतुरतेनं वाट बघतात.

४. पान हलकं ठेवावं. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो शंभर केबीच्या आत आणला तरी नळकांडं स्पष्ट दिसतं. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर अक्षरांचा नुसता कचरा दिसतो.

५. मुलाचं नाव, शाळा, फोटो काहीही मागू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. विज्ञान शिकवायला ही माहिती लागतच नाही. जाहिराती तर मुळीच नकोत; मुलाचं लक्ष विकायची वस्तू नाही.

६. वीज हवी तर दीड व्होल्टचा सेल. घरातल्या प्लगला हात लावायला लावणारा एकही प्रयोग नको.

७. उत्तर आधी सांगू नये. बोअरचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागतं, हा इथल्या मुलांचा अस्सल प्रश्न. त्या पानावर मी कारण लिहिलेलं नाही. जानेवारीत पहाटे आणि मेमध्ये दुपारी, मोटर थोडा वेळ चालू देऊन, पाण्याचं आणि सावलीतल्या हवेचं तापमान मोजायला सांगितलं आहे. तापमापी शाळेतून मागून आणायची. पाण्याचे आकडे जवळपास सारखेच येतात, हवेचे मात्र खूप वेगळे. जमिनीच्या पोटात ऋतू का पोचत नाहीत, हे दुसऱ्या पानावर आहे, आणि त्याचा दुवा आकड्यांच्या रिकाम्या तक्त्याच्या खाली ठेवला आहे.