घरगुती फ्रीझरचा वीजखर्च : अंदाज कसा करावा?

छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून २०२३ मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील कुटुंबांनी फ्रीझर घेताना किमतीबरोबरच मासिक वीजखर्चाचाही हिशेब करणे हितावह ठरते.

एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. फ्रीझर अहोरात्र चालू असला, तरी त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो. म्हणून वॉटला सरसकट २४ तासांनी गुणू नये. उदाहरणार्थ, १२० वॉटच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर दररोज १० तास चालल्यास महिन्याला ३६ युनिट लागतील. वैशाखाच्या उकाड्यात तोच १४ तास चालल्यास सुमारे ५० युनिट लागतील.

मध्य प्रदेशातील अटल गृहज्योती योजनेत मासिक वापर १५० युनिटांपर्यंत असलेल्या घरास पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये आकारले जातात. एखाद्या घराचा मूळ वापर ११० युनिट असेल, तर फ्रीझरसह एरव्ही तो १४६ होईल. उन्हाळ्यात मात्र १६० होऊन सवलत हातची जाईल. तेव्हा फ्रीझरच्या खर्चात गमावलेली सवलतही धरावी.

खरेदीपूर्वी तारांकित लेबलवर वार्षिक युनिट दिलेले असल्यास त्यांस १२ ने भागून मासिक सरासरी काढावी व उन्हाळ्यासाठी त्यात वाढ धरावी. फ्रीझर सावलीत, भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. दाराची रबरी पट्टी सैल झाल्यास ती त्वरित बदलावी.